वांग्याच्या फुलामागचा खण

मुक्काम अमरावती, भाजीबाजार चौकी. तारीख २३ मे १८६५. लिहिणार कारकून किसनराव.

नाव मनकर्णाबाई. वय अदमासे चाळीस. जात माळी. धंदा भाजीपाला पिकवणे व विकणे. राहणार अमरावती, परकोटाच्या आत. नवऱ्याचे नाव विचारले असता घेत नाही. जन्मात घेतले नाही, म्हणते. जागा मोकळी ठेवली आहे. या कामातील फिर्यादी हाच तिचा नवरा असल्याने पुढे त्यास फिर्यादी म्हटले आहे. साक्षीदार तावातावाने बोलते. जमेल तसे तिच्याच शब्दांत लिहिले.

मी समक्ष हजर राहून सांगते की, मला कोणी बोलावले नाही, आपल्या पायांनी आले. ज्या चोरीपायी नत्थुजी सुतार इथे कोठडीत आहे, ते दागिने माझे. पुतळ्यांची माळ आणि सोन्याचे गोठ. बाजारात उन्हातान्हात पाटी घेऊन बसले, त्यातून केलेले. फिर्यादीने त्यात फुटकी कवडी घातलेली नाही.

आत येताना नत्थुजी गजाआड दिसला. त्याचा उजवा हात फडक्यात बांधला असून बोटे सुजली आहेत. हात कशाने सुजला, असे मी विचारले. जमादार म्हणाले, ते जबाबात घेण्याचे कारण नाही. मी म्हणाले, मी विचारलं एवढं तरी लिहा. त्यावरून लिहिले आहे.

कापसाला भाव आला तेव्हा फिर्यादीने मळ्यातली वांगी उपटून कपाशी लावली आणि दलाली धरली. अकोल्यास एका साहेबाच्या बंगल्यावर त्यांनी खणांचे कपाट पाहिले. साहेबाच्या आजाच्या वेळचे, कडेने कोरीव वेल, पाय वाघाच्या पंजाचे. तसेच हुबेहूब पाहिजे आणि जुनेच वाटले पाहिजे, असा हट्ट धरला. घरात माझी लुगडी चार, अन् खण सहा. पण तेव्हा माणूस हवेत चालून राहिला होता, बोलून उपयोग नव्हता.

नत्थुजी अकोल्यास जाऊन दोरीने मापे घेऊन आला. मेळघाटचा साग आणून आमच्या परसात काम मांडले. पानन् पान हाताने कोरले. लाकूड जुने दिसावे म्हणून तेल आणि काजळी घासली. हिवाळाभर काम चालले. बैलपोळ्याला बैल सजवावा तसा तो त्या कपाटाला सजवत होता.

एक दिवस त्याने मला सांगितले की, साहेबाच्या कपाटात वरच्या खणामागे एक चोरखण आहे. वेलीतले एक फूल बोटाने दाबले की उघडतो. तसा करू का, मालकाला विचारा. फिर्यादी खामगावच्या बाजारी गेले होते. मी म्हणाले, कर, आणि मालकाला सांगू नको. तो कचरला. म्हणाला, माल मालकाचा, मी लपवू कसा? मी म्हणाले, कपाट मालकाचं, हा खण माझा. तेव्हा तो कबूल झाला.

विलायती फुले मला सगळी सारखीच दिसत. यातलं कोणतं दाबायचं हे अंधारात कसं कळणार, असे मी म्हणाले. मग त्याने तेवढे एक फूल वांग्याचे कोरले. पाच पाकळ्या, मागे काटेरी देठ. बोट लागताच ओळखू येई. फिर्यादीने जन्मभर वांगी विकली. पण आल्यागेल्याला ते तेच फूल दाखवत आणि विलायतेत अशी फुलं असतात म्हणून सांगत. मी पदर तोंडाला लावून आत जात असे.

यंदा चैत्रात भाव कोसळला. सातासमुद्रापारची लढाई संपली, तिकडचा कापूस पुन्हा येणार म्हणतात. भाव पुन्हा चढेल, कापसाच्या आणखी गठाणी घेऊन ठेवतो, म्हणून फिर्यादीने दागिने मागितले. मी दिले नाहीत. पुन्हा मागितले. मी चोरखणात ठेवले आणि माहेरी आहेत म्हणाले.

मागल्या आठवड्यात काकाच्या तेरवीला शेंदूरजनाघाटास गेले. तेरवीला कोणी सोनं घालून जाते का? दागिने खणातच होते. काल परत आले, तो नत्थुजीला धरून नेल्याचे कळले. चोरखण सुताराने केला, त्यालाच ठाऊक, त्यानेच नेले, अशी फिर्याद जमादारांनी आज मला वाचून दाखवली. मी तर त्या खणाचे फिर्यादीस कधी सांगितले नव्हते.

मी कालच घरी कपाट पाहिले. वांग्याचे फूल उचकटले आहे. पाकळ्या तुटून खाली पडल्या आहेत. माझे म्हणणे असे की, ज्याने फूल कोरले तो ते तोडून कशापायी उघडील? त्याने तर नुसते बोट ठेवायचे होते. फटीत चाकूचे लोखंडी टोक मोडून अडकलेले सापडले. ते पदराच्या गाठीत आणले आहे. गाठ सोडून टेबलावर ठेवले. असा चाकू गठाणीची शिवण कापून कापूस पाहायला दलाल कमरेला लावतात. आमच्या घरी तो एकच आहे.

फिर्यादी बाहेर ओट्यावर बसले आहेत, त्यांचा चाकू पाहावा, असे मी म्हणाले. हवालदाराने चाकू मागून आणला. टोक नाही. टेबलावरचे टोक लावून पाहिले, बसले.

जमादार म्हणाले, बाई, नवराबायकोची गोष्ट आहे, घरी मिटवा. सुताराला दोन दिवसांनी सोडू. मी म्हणाले, दोन दिवसांत त्याचा दुसरा हात बांधाल.

तेव्हा फिर्यादी दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "मने, घरी चाल."

मी त्यांच्याकडे पाहिले नाही. मी कारकुनास म्हणाले, "वरती जागा मोकळी सोडली ना, तिथं लिहा, गोवर्धन. अन् फिर्यादीच्या कागदात चोर म्हणून नत्थुजीचं नाव लिहिलं, ते खोडा. तिथंबी गोवर्धनच लिहा."

दोन्ही ठिकाणी लिहिले.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे, कमीजास्त काही नाही. लिहिता येत नाही म्हणून सवाष्णीची निशाणी करते.

निशाणी बांगडीची, मनकर्णाबाई हिच्या हातची.