दुधावर आलेला आळ

सन्माननीय अध्यक्ष श्रीपतभाऊ, व्यासपीठावरील डॉक्टर आणि पाहुणे, आज आरोग्य केंद्राच्या सेवेतून निवृत्त होणाऱ्या आपल्या सुमनताई, आणि गोडादऱ्यातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी गजेंद्र. लूमवर कापड विणणारा माणूस. यंत्रांच्या खडखडाटात मोठ्याने बोलायची सवय, तेव्हा माईक जरा लांबच धरतो. सुमनताईंनी किती घरांतली पोरं राखली, ते आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. मी एकाच घरचं सांगतो. माझ्या.

वीस वर्षांपूर्वीचे ते दिवस आठवले की वाटतं, दोरीवरच्या ओल्या साडीतून पाहतोय. सगळं दिसतं, पण हलतं. आमचा पहिला मुलगा सात महिन्यांपर्यंत गुटगुटीत होता. मग अंगावरचं दूध सुटलं, आणि तोंडाभोवती, बोटांवर, बसायच्या जागी कातडी लाल होऊन सोलवटू लागली. जुलाब थांबेनात, केस गळाले. वर्ष भरायच्या आत तो गेला. माझी आई माझ्या बायकोला, वैशालीला म्हणाली, "तुना दूधमाच खोट शे."

म्हणून गायत्री झाली तेव्हा चौथ्याच महिन्यात तिचं दूध तोडलं. पोर आजीच्या मांडीवर बाटली प्यायची आणि इकडे वैशालीचा पदर ओला व्हायचा. तीन आठवड्यांत तेच लाल चट्टे.

लस द्यायला नेलं, तर ताईंनी सुई बाजूला ठेवली. दूध कधी तोडलं, विचारलं. मग पहिल्या मुलाचं विचारलं. मग अगदी हळू, तुम्ही दोघं नात्यातले का? वैशाली माझ्या मामाची मुलगी. त्याच दुपारी ताई आम्हाला रिक्षाने मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या. रक्त तपासून डॉक्टरांनी सांगितलं, शरीराला झिंक लागतं, म्हणजे जस्त. या मुलीच्या आतड्याला ते नीट शोषता येत नाही. हा आजार आई आणि बाप, दोघांकडून दोष आला तरच होतो.

रोज झिंकचं औषध सुरू झालं. पाचव्या दिवशी सकाळी गायत्री रडली नाही. आम्ही घाबरून जवळ गेलो. ती भिंतीवरचा उजेड पाहत होती. शेजारी लूम चालू असतील. मला काही ऐकू आलं नाही. मग नवी कातडी आली, भुवया आल्या, कोणी झोपेत रेखल्यासारख्या.

त्या आठवड्यात ताई घरी आल्या. आईसमोर बसून म्हणाल्या, "मावशी, आईच्या दुधातलं झिंक अशा बाळांच्याही अंगी लागतं. हिचं दूध होतं, तोवरच दोन्ही पोरं बरी होती."

आईने हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग उठली आणि गायत्रीला वैशालीच्या मांडीवर ठेवून आली.

चौथ्या वर्षी, पोर ठणठणीत दिसते म्हणून मीच शहाणपणाने औषध थांबवलं. महिन्याभरात चट्टे परत. ताई रागावल्या नाहीत. औषध जन्मभर, एवढंच पुन्हा म्हणाल्या. आज गायत्री बारडोलीला कॉलेजात जाते. तिसऱ्या ओळीत बसली आहे. बोट दाखवू नका म्हणाली होती.

ताई, तुमचे आभार मानायला माझे शब्द तोकडे आहेत. सभेने ऐकून घेतलं, ऋणी आहे. बोलण्यात काही उणं राहिलं असेल तर आपण सांभाळून घ्याल. पण एक क्षमा सभेकडे मागून भागणार नाही. आई वैशालीच्या दुधाबद्दल ते बोलली तेव्हा मी तिथेच जेवत होतो. मी जेवत राहिलो.

वैशाली, मला माफ कर.