सुताराला भेटायला कोण येतंय?

लेकीला यकृताचा तुकडा देऊन सुतार पडला होता. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेला प्लंबर. समोरचा शिंपी कान टवकारून ऐकत होता.

"सुतारभाऊ, पैज!" प्लंबर म्हणाला. "आज तुला भेटायला कुणीतरी येणारच. नाही आलं, तर कोंबड्यासारखा आरवेन."

"पाच दिवसांत कोण फिरकलंय? सगळे पोरीकडे जातात. जायलाच हवं म्हणा."

"बघ, आलं कुणीतरी!" दारात सुताराचा मेहुणा होता.

"दाजी, पोरगी कितव्या मजल्यावर?"

"चौथ्या. अरे, टेक की जरा."

"नको, वेळ संपेल. तुम्ही काय, ठणठणीत!"

मेहुणा गेला. भेटीची वेळही संपली.

"आला होता ना?"

"पत्ता विचारायला. आरव आता."

भरल्या वॉर्डात प्लंबर आरवला. सगळे खो खो हसले.

"अजून जोरात, भावा," टाके धरून सुतार म्हणाला. "पोरीला ऐकू गेलं पाहिजे."