शेफालीने लावलेला टिळा

माझं माहेर साताऱ्याकडचं, आणि काय सांगू तुम्हाला, आमच्याकडे घरटी एक तरी पोरगा फौजेत, तसा माझा धाकटा भाऊ बाळू, आई लवकर गेली म्हणून मीच वाढवलेला. आणि मी लग्न होऊन इकडे कलकत्त्याला आले, आमचे हे गार्डन रीचला जहाजांच्या कारखान्यात, बिऱ्हाड बेहालाला, तिथे मी शाळेचे गणवेश शिवायचे, अजून शिवते.

एकाहत्तर साली सरहद्दीपलीकडे लोक उठले, तिथल्या लष्कराने त्यांना मारायला सुरुवात केली आणि माणसांचे लोंढे इकडे यायला लागले, बघवत नव्हतं हो. त्यातलीच ही शेफाली, म्हाताऱ्या आईला घेऊन आलेली, धाकटा भाऊ तिकडेच लढायला राहिलेला, ती माझ्याकडे काजं-बटणं करायला यायची. तेव्हा कारखान्यात, बाजारात एकच वाद, आपण फौज पाठवावी की नाही. परदेशांतले मोठमोठे पुढारी म्हणत तो त्यांचा घरचा प्रश्न आहे, आमचे हेसुद्धा म्हणत दुसऱ्याच्या देशात आपण कशाला जायचं, आणि मी, बाळूपायी, म्हणायचे नकोच. शेफालीला विचारलं तर म्हणाली, यावी दिदी तुमची फौज, लवकर यावी, पण कुणी नाही आलं तरी आमची माणसं मागे फिरायची नाहीत. हातात धड बंदुका नाहीत आणि म्हणे फिरायची नाहीत.

भाऊबीजेला बाळू आला, पलटण सरहद्दीकडे निघालेली, जरा वेळाची सवड मिळालेली. मी ओवाळलं, तेवढ्यात शेफाली चंदन उगाळून घेऊन आली, त्यांच्यात त्याच दिवशी भाईफोटा असतो ना, आणि तिने डाव्या हाताची करंगळी पुढे केली. मी म्हटलं, अगं उजवा हात, शुभाचं आहे, तर म्हणाली आमच्यात डावाच, बहिणीने टिळा लावला की यमाच्या दारात काटा पडतो, त्याला बाहेर येता येत नाही. आणि डोळे मिटून, पुटपुटत लावला. फौज जावी म्हणणारी तीच, आणि माझ्या भावासाठी यमाला अडवणारीही तीच.

मग फौज गेली, तो देश मोकळा झाला, आणि शेफालीच्या भावाची बातमी आली, आपली फौज पोचायच्या थोडं आधीच तो मारला गेला होता. मी तिच्याकडे धावले, वाटभर मनात हेच, की आता हिला काय तोंड दाखवू, तर मला बघून उठली आणि तिनेच आधी विचारलं, दिदी, बाळूदा आला ना?

आला होता हो. आता दोन मुलींचा बाप आहे. शेफाली आईला घेऊन आपल्या देशात परत गेली. लोक अजून वाद घालतात, जायला हवं होतं की नको, आणि मी, जी नकोच म्हणायची ती, सांगते की आधी जायला हवं होतं, तिचा भाऊ होता तेव्हा. देव तिला सुखात ठेवो, दुसरं काय म्हणू.