रघूची दाढी आणि माझा कडक साबण

कापी, म्हणजे तुमची कॉफी, निवतेय तोवर एवढं ऐका. आमच्या रघूला, म्हणजे माझ्या नातवाला, मुलगी झाली. बायको गरोदर असली की आमच्यात नवरा दाढी करत नाही, त्यामुळं रघूची दाढी छातीला टेकायला आलेली. ती काढूनच लेकीला उचलायचं, हा त्याचा हट्ट. आणि दवाखान्यातली भेटायची वेळ तर संपत आलेली.

कात्रीनं दाढी उतरवली, पण वस्तरा फिरवायला फेस हवा. माझा साबण दगडासारखा कडक. रघूनं ब्रश पाण्यात बुडवून खसाखसा घासला, तर नुसतं पांढरं पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

"आजा, हा साबण मेलाय."

"मेला नाही, जागा व्हायचाय. कोमट पाण्यात जरा भिजू दे. मग ब्रश झटक आणि हळूहळू गोल फिरव."

"किती वेळ?"

"नऊ महिने थांबलास की रे."

फिरवता फिरवता फेस लोण्यासारखा दाट आला. गाल गुळगुळीत करून आम्ही आमच्या दारासुरम गावाहून टाऊन बस धरली आणि दवाखाना गाठला. दारातच नर्स आडवी आली.

"कोण हवंय?"

"माझी मुलगी आहे आत."

"तिचा बाप दाढीवाला. काल दिवसभर इथंच बसला होता. तुम्ही कोण?"

रघू समजावून थकला, ती ऐकेना. तेवढ्यात आतून नातसून म्हणाली,

"सोडा हो त्यांना, सिस्टर. आवाज आमच्या ह्यांचाच आहे. चेहऱ्याचं मी बघून घेते."