संबंधित कामगार

मास्तरीण : ...आणि शेवटच्या दिवशी नुसता सराव. ऐकताय ना? चार संध्याकाळींचा छोटासा वर्ग. सगळी मोठी माणसं, दिवसभर राबून येणार. एक नर्स आहे, दोघे वॉचमन, एक शिवणकाम करणारी. त्यांना कामाचा मेल लिहायला शिकवायचाय. तिथे व्याकरणाचं पुराण लावलं तर दुसऱ्या दिवशी वर्गात मी आणि पंखा, दोघेच उरू.

गोदामवाला : हं.

मास्तरीण : नुसतं हं काय? कामावरून आल्यापासून तोंडाला कुलूप. चहासुद्धा गार करून ठेवलात.

गोदामवाला : तू वाच गं. ऐकतोय मी.

मास्तरीण : तर तिसऱ्या दिवशी नमुना दाखवायचा. चांगला मेल कसा असतो ते. बाहेरचा कशाला शोधू, घरचाच घेतला. ऐका. 'विषय : रॅक कोसळल्याबाबत. महोदय, आज सकाळी गोदामातील रॅक कोसळून मालाचे नुकसान झाले. त्या वेळी संबंधित कामगार रॅकवर माल चढवत होता. माहितीसाठी व पुढील कार्यवाहीसाठी सादर.' आहे एक तरी शब्द फालतू?

गोदामवाला : हा मी पाठवलेला मेल?

मास्तरीण : तुमच्या नावाने मी पाठवलेला. नेहमीसारखा. काल तुम्ही चहाच्या सुट्टीत फोनवर सांगितलंत, मी इथून लिहिला. असं काय बघताय?

गोदामवाला : मधली ओळ परत वाच.

मास्तरीण : 'त्या वेळी संबंधित कामगार रॅकवर माल चढवत होता.'

गोदामवाला : तो संबंधित कामगार म्हणजे आपला लंबू. आज त्याला गेटवरच अडवलं. आता येऊ नकोस म्हणाले. मी तावातावाने साहेबांकडे गेलो, म्हटलं, त्याचा काय दोष? ते म्हणाले, अहो, तुम्हीच तर लिहून दिलंय! मी तिथे शुंभासारखा उभा. माझ्याच मेलात काय आहे ते मलाच ठाऊक नाही.

मास्तरीण : दोष त्याचा आहे असं कुठे लिहिलंय मी?

गोदामवाला : नाही असंही कुठे लिहिलंयस? मी तुला फोनवर काय सांगितलं होतं?

मास्तरीण : तुम्ही काय, पाल्हाळ लावलं होतं. रॅकचा पाय वाकलाय हे लंबूने आधीच सांगितलं, मग तुम्ही ऑफिसला फोन केला, मग त्यांनी बघतो म्हटलं...

गोदामवाला : म्हणजे आठवतंय तुला सगळं.

मास्तरीण : लांबलचक मेल कोणी वाचत नाही. तुम्हीच म्हणता ना, थोडक्यात लिही?

गोदामवाला : थोडक्यात म्हटलं होतं. माणूसच गाळ असं नव्हतं म्हटलं.

मास्तरीण : आणि पाठवल्यावर एकदा तरी उघडून बघितलात? इतकी वर्षं मी लिहितेय, एकदा तरी? साहेब तुमच्या मेलची तारीफ करतात तेव्हा मान डोलवायला बरं वाटतं!

गोदामवाला : नाही बघितला. तो गाढवपणा माझा. पण खरं सांग. ती पाय वाकल्याची ओळ मेल लांबतो म्हणून काढलीस?

मास्तरीण : नाही.

गोदामवाला : मग?

मास्तरीण : तिथे लिहायचं होतं की पाय वाकलाय हे तुम्हाला माहीत होतं. मग पुढचा प्रश्न कोणाला आला असता? माहीत होतं तर रॅक रिकामा का नाही केलात? गोदाम तुमच्या ताब्यात. मला भीती वाटली हो. या वयात तुम्हाला घरी बसवलं तर? बोट थांबलं माझं त्या ओळीवर. मग खोडून टाकली.

गोदामवाला : आणि मला बोलली नाहीस.

मास्तरीण : बोलले असते तर तुम्ही खोडू दिली असती?

गोदामवाला : त्याच्या घरी कमावणारा तो एकटा आहे. बायकोचं बाळंतपण जवळ आलंय. गेटवर माझ्याकडे बघून हसला गं तो. म्हणाला, तुम्ही आहात ना आत, सांगा त्यांना. त्याला काय कल्पना, आतल्यानेच त्याला बाहेर काढलंय.

मास्तरीण : आता?

गोदामवाला : साहेब उद्या सकाळी त्याला कायमचं काढल्याचा कागद कंत्राटदाराकडे पाठवणार. त्याआधी मेल गेला तर थांबेल कदाचित. आण तो लॅपटॉप.

मास्तरीण : मी लिहिते. सांगा तुम्ही. या वेळी सगळं घालते, शब्द न् शब्द.

गोदामवाला : नको. मीच लिहिणार.

मास्तरीण : अहो, एका बोटाने टाइप करता तुम्ही.

गोदामवाला : करू दे. चुका होऊ देत, वाकडातिकडा होऊ दे. तुझ्या हातात गेला की तो गुळगुळीत होतो. आणि मलाही तेच सोयीचं झालं होतं.

मास्तरीण : तुमच्यावर येईल हे सगळं.

गोदामवाला : येऊ दे. माझंच आहे ते.

(ती लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवते. तो एका बोटाने टाइप करू लागतो.)

गोदामवाला : तुझ्या त्या वर्गात मलाही बसव.

मास्तरीण : थट्टा सुचतेय का तुम्हाला?

गोदामवाला : थट्टा नाही. सुरुवात कशी करू तेच कळत नाहीये. महोदय लिहिलं. पुढे हात चालत नाही.

मास्तरीण : तिसरा दिवस नव्याने बसवावा लागणार मला. हा नमुना फळ्यावर जाणार नाही... लिहा. पहिल्या ओळीत त्याचं नाव. संबंधित कामगार नाही. पूर्ण नाव.

गोदामवाला : पूर्ण नाव...

मास्तरीण : काय झालं?

गोदामवाला : अगं, आम्ही सगळे त्याला लंबूच म्हणतो. आमच्या हजेरीत कंत्राटदाराने दिलेला नुसता आकडा असतो. इतकी वर्षं त्याच्याबरोबर डबा खातोय मी...

मास्तरीण : फोन करता येईल ना त्याला?

गोदामवाला : करून काय सांगू?

मास्तरीण : आधी नाव विचारा.