मधली शांतता

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होत असलेल्या आपल्या सर्वांच्या लाडक्या कात्रीताई, त्यांचे यजमान, आणि मांडीवर मोबाइल चाळत बसलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

हसू नका, मघापर्यंत मीही चाळतच होतो.

बातम्यांचे व्हिडिओ कापून लहान करणं हे आपल्या खात्याचं काम. तासाभराच्या मुलाखतीतले खोकले, 'आपलं ते', 'म्हणजे काय की' आणि मधल्या शांत जागा काढून अर्ध्या मिनिटाचा तुकडा करावा तर तो ताईंनीच. लोक तेवढंच बघतात हो! जरा कुणी श्वास घेतला, की अंगठा पुढे सरकलाच. अध्यक्ष महोदय, आपलं वर्धापनदिनाचं भाषण ताईंनी असं छाटलं होतं, की आपणच विचारलंत, "मी इतका मुद्देसूद कधीपासून बोलायला लागलो?"

आजच्यासाठी आम्ही ताईंवर एक व्हिडिओ बनवला होता. त्यात शेवटी त्यांचे यजमान बोलतात. आजारपणानंतर त्यांना शब्द सापडायला वेळ लागतो. आम्ही हाताच्या सवयीनं त्यांचे सगळे थांबे काढून टाकले. काय सांगू, घडाघडा बोलणारे यजमान तयार झाले! काल ताईंना तो दाखवला आणि शाबासकीची वाट बघत उभे राहिलो.

ताई म्हणाल्या, "हे कोण बोलतंय?"

"तुमचे हेच की, ताई."

"छे! शब्द शोधताना हे माझ्याकडे बघतात. नेमकं तेवढंच कापलंत की रे." मग डोळे पुसून म्हणाल्या, "तुम्हाला तरी काय बोलू? मीच शिकवलंय."

मला फार वाईट वाटलं. तो व्हिडिओ आज दाखवणार नाही. यजमान स्वतः बोलणार आहेत. ते काही केल्या तयार होईनात. "लोक कंटाळतील, मोबाइल काढतील," म्हणाले. ताईंनी आपल्या सगळ्यांच्या वतीनं त्यांना शब्द दिलाय, की कुणी काढणार नाही. आम्हाला न विचारताच दिलाय, पण आता तो पाळायला हवा ना?

संयोजकांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर खुशाल कापून टाका. यजमानांना मात्र सावकाश बोलू द्या. आणि एक विनंती. ते मध्येच थांबले, तर संपलं समजून टाळ्या वाजवू नका. ते ताईंकडे बघत असतील.