बाईंची अर्धी गोळी

मंडळी, मागे उभे आहेत त्यांनी पुढे या. सतरंजीवर जागा आहे. बाई असत्या तर एव्हाना ओरडल्या असत्या, "दारात गर्दी नको!"

मी दिनेश. तलासरी नाक्यावरचं माझं मेडिकल तुम्हाला माहीत आहे. माणसं मला डॉक्टर म्हणतात आणि मीही कधी नाही म्हणत नाही. काउंटरमागे मी दिवसभर बोलतो, पण इथे जीभ अडखळतेय. कारण समोर फोटोत बाई आहेत. चौथीत त्यांनी मला उभं केलं की येत असलेलं उत्तरसुद्धा पळून जायचं.

मालतीबाई गेल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या, हृदय थकलं होतं. झोपेत गेल्या. आणि ऐका, ती झोप त्यांची स्वतःची होती. बिनगोळीची. त्यांची शाळा, त्यांची गाणी, त्यांचं अक्षर, हे सगळं बाकीचे सांगतील. मी माझी चूक सांगणार आहे.

दोन हजार अठराची दिवाळी झाली आणि आपल्याकडे जमीन हलायला लागली. आठवतं ना? कोण विसरेल? भांडी वाजायची, कौलं घसरायची. आपण सगळे अंगणात खाटा टाकून झोपायचो. झोपायचो कसले, पडायचो. वेवजीला बाईंच्या अंगणात तर आख्खी आळी जमायची. मुलगा वापीला, बाई एकट्या, आणि अंगण मोठं.

एका सकाळी बाई दुकानात आल्या. "दिनेश, डोळा लागत नाही रे. छातीत धडधडतं. काहीतरी दे." ज्यांनी मला पाढे शिकवले, त्यांच्याकडे डॉक्टरची चिठ्ठी मागायची माझी हिंमत होईल? मी कात्री घेतली. माझी कात्री तुम्हाला माहीत आहे. स्ट्रिपमधून झोपेच्या दोन गोळ्या कापल्या. औषधाचं नाव एका तुकड्यावर राहिलं, तारीख दुसऱ्यावर, आणि गोळ्या बाईंच्या रुमालात.

बाई पुन्हा आल्या. पुन्हा कात्री. मग आणखी. मला वाटलं, एवढ्या गोळ्या बाई एकट्या खातात? नाही हो! बाईंनी आयुष्यात कधी एकटीने काही खाल्लंय? एक चिकू कापून अर्ध्या वर्गाला वाटणाऱ्या बाई त्या. अंगणात सगळ्यांना रांगेत बसवून अर्धी अर्धी गोळी द्यायच्या. वर हजेरी! "रंजना? घेतली. काशिनाथ? घेतली." काशिनाथभाऊ, हसू नका, तुम्ही दोनदा हात पुढे करायचात.

हसतोय आपण. हसा, बाईंनाही आवडलं असतं. पण जरा विचार करा. जमीन हलली तर पळता यावं म्हणून आपण बाहेर झोपलो. आणि मी नि बाईंनी मिळून काय केलं? पळणाऱ्यांनाच गुंगी दिली! एवढं शहाणपण आपल्याच तालुक्यात सापडतं.

मग एका दुपारी मोठा धक्का आला. धडधडतंय म्हणून बाईंनी जेवणावर एक आख्खी गोळी घेतली होती आणि घरातच आडव्या झाल्या होत्या. आळी बाहेर पळाली. बाई दिसेनात. शेजारची रंजना आत शिरली. "बाई, उठा! कौलं पडतात, बाई!" बाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "आधी रांग करा." शेवटी रंजनाने आणि तिच्या सासूने बाईंना खाटेसकट ओढत अंगणात आणलं. दारातून निघताना एक कौल रंजनाच्या खांद्यावर बसलं. रंजना, ऊठ. बघा मंडळी, हिच्यामुळे बाई आपल्याला आणखी काही महिने मिळाल्या.

शुद्धीवर आल्यावर बाई रंजनाचा खांदा बघून रडल्या. त्याच संध्याकाळी त्यांनी सगळ्या गोळ्या फेकून दिल्या. ही दुसरी चूक. रोजची गोळी एकदम बंद! तीन दिवसांत हातपाय कापायला लागले, घाम फुटायचा, जीव घाबरायचा. मुलाने डहाणूला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, "ही गोळी मनाने सुरू करायची नसते आणि मनाने तोडायचीही नसते." त्यांनी थोडी थोडी कमी करत आणली. पूर्ण सुटायला पावसाळा आला.

मग बाई माझ्या दुकानात आल्या. मला वाटलं, आता कान धरतात. त्या म्हणाल्या, "दिनेश, हात दाखव." नखं बघायची जुनी सवय. मी हात पुढे केले. हात थरथरत होते. बाईंनी ते आपल्या हातात धरले आणि हळूच विचारलं, "तू कधीपासून घेतोस?"

मंडळी, सहा वर्षांपासून. दुकानाचं टेन्शन, झोप नाही, आणि गोळ्या हाताशी. हे फक्त बाईंना माहीत होतं. त्या म्हणाल्या, "डॉक्टरकडे जा. आणि मीनाला सांग." मीना माझी बायको. मी म्हटलं, सांगतो. भेट झाली की विचारायच्या, "सांगितलंस?" मी नवीन बहाणा काढायचो. चौथीतही एवढे बहाणे केले नसतील. शेवटच्या भेटीत म्हणाल्या, "मी आत झोपलेय हे रंजनाला माहीत होतं, म्हणून ती शिरली. तुझ्या घरात कुणाला माहीत आहे?"

बाई गेल्या, आणि मी उत्तर दिलंच नव्हतं.

मीना तिकडे तिसऱ्या रांगेत बसली आहे. मीना, मी रोज गोळी घेतो. तुझ्यापासून लपवून घेतो. उद्या डहाणूला डॉक्टरकडे जायचंय. तू चल माझ्याबरोबर. मंडळी, घाबरू नका, रडत नाहीये मी. घरी गेल्यावर माझी वेगळी शोकसभा आहेच.

माझी कात्री रंजनाच्या खांद्यापासून बंद आहे. चिठ्ठी नाही तर गोळी नाही. काहीजण रागावलेत, रागावू देत. पण माझ्याकडून नेलेल्या गोळ्या अजून कुणी घेत असेल, तर घरी जाऊन फेकू नका, वाटू तर मुळीच नका. त्या घेऊन डॉक्टरकडे जा. आणि घरातल्या एकाला तरी सांगा.

बाई, तुम्हाला साष्टांग नमस्कार.

आता दोन मिनिटं शांत उभे राहू या. बायकांच्या रांगेत येतोय, चालवून घ्या. मीना, जरा सरक. मी तुझ्याशेजारी उभा राहतो.